फॅसिलिटी इंजिनिअर नक्की करतो काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय. चौदा वर्षं इमारती सांभाळतोय, त्यातली शेवटची नऊ हिंजवडीतल्या एका आयटी इमारतीत. खालचे प्रश्न मला खरोखरच विचारले जातात. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातली पोरं विचारतात, लग्नकार्यात पाहुणे विचारतात, आणि लिफ्टमध्ये अडकलेली माणसं तर फारच कळकळीने विचारतात.

म्हणजे तुम्ही इलेक्ट्रिशियन का?

आमच्या आत्याच्या लेखी आहेच. तिच्याकडे गेलो की मिक्सर पुढ्यात येतो.

खरं काम असं, की इमारत चालू ठेवायची. आमच्याकडे वीज २२ केव्हीने आत येते, ट्रान्सफॉर्मरमधून ४१५ व्होल्टवर उतरते आणि पॅनलमधून मजल्यामजल्यावर जाते. वीज गेलीच तर यूपीएस आणि डीजी सेट, म्हणजे डिझेलचा जनरेटर. गारव्यासाठी पाणी थंड करणारा चिलर, त्याची उष्णता बाहेर सोडणारा कूलिंग टॉवर, प्रत्येक मजल्यावर थंड हवा फेकणारं एएचयू. पाण्यासाठी टाक्या, पंप, सॉफ्टनर. वापरलेल्या पाण्यासाठी तळघरात एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट. शिवाय लिफ्ट, फायर पंप, स्प्रिंकलर, आणि या सगळ्यावर नजर ठेवणारी कॉम्प्युटरची यंत्रणा, बीएमएस. यातलं एकही यंत्र मी बनवत नाही आणि मोठी दुरुस्ती बहुतेक वेळा कंपनीचा माणूस येऊन करतो. पण काय, कधी, कोणत्या क्रमाने चालवायचं, कधी थांबवायचं आणि बिघडण्याआधी कधी उघडायचं, हे आमच्याकडे. आणि बिघडलं की फोनही आम्हालाच.

दिवस कसा जातो?

पावणेसातला शिफ्टचा चार्ज घ्यायचा. रात्रीचा तंत्रज्ञ तोंडी सांगतो, पण मी आधी लॉगबुक बघतो. मग तळघरापासून गच्चीपर्यंत राऊंड. नवीन मुलं राऊंडला टॅब्लेट घेऊन जातात आणि स्क्रीनवर खुणा करत चालतात. मी त्यांना आधी नुसतं उभं राहायला सांगतो. एएचयूचा पट्टा सैल झाला की सुरू होताना किंचाळतो. बेअरिंग जायला आलं की आवाजात खरखर येते. पॅनल रूमचं दार उघडल्यावर भाजक्या प्लॅस्टिकचा वास आला, तर कुठेतरी टर्मिनल ढिलं आहे, ते थर्मल कॅमेऱ्याने शोधायचं.

साडेसातला चिलर चालू, म्हणजे नऊला माणसं येईतो इमारत थंड. त्यानंतर दिवस आपला राहत नाही. हेल्पडेस्कवर तिकिटं येतात: नळ गळतोय, खुर्चीखालचा सॉकेट मेला, कॉन्फरन्स रूममध्ये कसलासा वास येतोय. मधेच एखादा व्हेंडर वर्क परमिटसाठी दारात उभा. दुपारनंतर रिपोर्ट, बिलं, एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल करारांचे, फॉलोअप. पंख्याला हात लावण्यापेक्षा एक्सेलला हात जास्त लागतो, हे येणाऱ्यांनी आधीच जाणून असावं.

सगळ्यांत जास्त तक्रार कशाची येते?

एसीची. बाकी सगळ्या तक्रारी एकत्र केल्या तरी तिच्या जवळ पोचत नाहीत.

त्यातही आपल्या भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. "एसी जरा कमी करा" असा फोन येतो. म्हणजे तापमान कमी करू की गारवा कमी करू? अर्धी माणसं एक अर्थ धरतात, अर्धी दुसरा. पहिल्या वर्षी मी सहाव्या मजल्यावर एका मॅडमसाठी तापमान दोन अंशांनी उतरवलं. दहा मिनिटांत त्या शाल पांघरून माझ्यासमोर. तेव्हापासून मी एकच विचारतो, "थंडी वाजतेय की उकडतंय?" नव्या हेल्पडेस्कवाल्यालाही पहिलं हेच शिकवतो.

चिलर पाणी साधारण ७ अंशांवर सोडतो आणि ते १२ च्या आसपास परत येतं. हे आकडे जागेवर असतील तर चिलर निर्दोष, आता मजल्यावर जायचं. बहुतेक वेळा उत्तर छतात सापडतं. ज्याला थंडी वाजते तो नेमका डिफ्युझरखाली, म्हणजे छतातल्या हवेच्या जाळीखाली, बसलेला असतो. ज्याला उकडतं तो पश्चिमेच्या काचेशी, दुपारी तीननंतर. मधे कुणीतरी नवीन केबिन बांधलेली असते आणि परतीच्या हवेची वाट तिनेच अडवलेली असते. केबिन बांधताना आम्हाला कुणी विचारत नाही, ती तापली की मात्र विचारतात.

ऊर्जा दक्षता ब्यूरोचा सल्ला २४ अंशांचा आहे, आणि एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ते सांगतात. मी तो कागद लिफ्टशेजारी लावला होता. त्यावर कुणीतरी पेनने "आधी तुम्ही बसा इथे" असं लिहिलं. गेलो आणि बसलो. खरंच उकडत होतं. हवा कमी-जास्त करणारा व्हीएव्हीचा डॅम्पर अडकला होता.

उन्हाळ्यात चिलरचे फार हाल होत असतील ना?

भार उन्हाळ्यात जास्त असतो, हे खरं. पण कूलिंग टॉवर पाण्याची वाफ करून थंड करतो, त्यामुळे त्याला हवा किती तापली यापेक्षा ती किती कोरडी आहे हे महत्त्वाचं. पुण्याची एप्रिलमधली कोरडी हवा टॉवरला मानवते आणि जुलैची दमट हवा नडते. बाहेर छान गार वारा सुटलाय आणि टॉवरचं पाणी मात्र उतरायला तयार नाही, हे पाहून नवीन पोरं चक्रावतात. उन्हाळ्याचा खरा त्रास वेगळाच असतो, टँकरच्या पाण्याचा. ते जड असतं, कंडेन्सरच्या, म्हणजे चिलरची उष्णता बाहेर सोडणाऱ्या भागाच्या, नळ्यांत क्षार धरतं, आणि चिलर तेवढ्याच गारव्यासाठी जास्त वीज खायला लागतो.

वीज गेली की नक्की काय होतं? आम्हाला तर नुसती लुकलुक दिसते.

त्या लुकलुकीत बरंच काही घडून जातं. पुरवठा तुटला की कॉम्प्युटर आणि सर्व्हर यूपीएसच्या बॅटरीवर राहतात. डीजी आपोआप सुरू करणारं एएमएफ पॅनल काही सेकंद थांबतं, कारण एखाद्या क्षणाच्या झोक्यासाठी डीजी उठवण्यात अर्थ नसतो. मग डीजीला स्टार्ट मिळतो, व्होल्टेज स्थिरावतं, आणि पंधरा-वीस सेकंदांत लोड त्याच्यावर जातो. लिफ्टला रेस्क्यू डिव्हाइस असेल तर ती जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते. चिलर मात्र लगेच उठत नाही, त्याचा क्रम सांभाळून तो हळूहळू घ्यावा लागतो.

हे सगळं जमलं तर. माझ्या आधीच्या नोकरीत एकदा जमलं नाही. डीजीने तीनदा खोकल्यासारखं केलं आणि अलार्म देऊन गप्प बसला. स्टार्टिंगची बॅटरी मेली होती. लॉगबुकात दर शनिवारी "डीजी टेस्ट – ओके". चौकशीत कळलं, की चार्जर बंद पडून तीन आठवडे झाले होते, आणि मधल्या शनिवारी ऑपरेटरने डीजी चालू न करताच ओके लिहिलं होतं. यूपीएस अर्धा तास टिकला. शेजारच्या साइटवरून बॅटरी आणेपर्यंत तो अर्धा तास संपला होता. तेव्हापासून महिन्यातून एकदा, सांगूनसवरून, रविवारी सकाळी, मी मेन खरोखर पाडतो आणि लोड डीजीवर घेतो. बिनलोडची टेस्ट म्हणजे पोहता येतं का ते काठावर उभं राहून विचारणं.

पुण्यात निदान गुरुवारची सोय आहे. महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात, त्यामुळे बुधवारी संध्याकाळीच डिझेल बघायची सवय लागते. न सांगता येणारी वेळ वेगळी. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई आणि आसपासची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी आमच्या धंद्यातल्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता: "टाकीत किती आहे?"

दर तासाला रीडिंग लिहायचं कशाला? बीएमएसवर सगळं दिसतं की.

हा प्रश्न मीही विचारला होता. त्याचं उत्तर मिळालं ते असं.

नोकरीचं पहिलं वर्ष, नाईट शिफ्ट. दर तासाला वीसेक आकडे लिहायचे असत: व्होल्टेज, अँपिअर, पाण्याचं तापमान, प्रेशर. पहाटे पाचला जाग आली, बघतो तर एकपासून पान कोरं. मी शांतपणे चार तास भरून काढले. ७.१, ७.०, ७.२, ७.१. सकाळी साहेबांनी पान पाहिलं आणि विचारलं, "दोन ते पावणेतीन चिलर बंद होता. पाणी सातवर कसं राहिलं?" पाण्याचा प्रवाह तपासणाऱ्या फ्लो स्विचने चिलर बंद पाडला होता, मग तो आपोआप उठला. मला पत्ताच नव्हता. साहेब ओरडले नाहीत. मला कंट्रोल रूममध्ये बसवून बीएमएसचा ग्राफ उघडून दिला आणि स्वतः चहाला गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

बीएमएसचा सेन्सर चुकतो, बंद पडतो, कधी कुणी त्याची मर्यादा बदलून ठेवतो. हाताने लिहिणारा माणूस दर तासाला यंत्रापाशी जातो, खरा उपयोग तो. आकडा हा तिथे गेल्याचा पुरावा. आज मी कुणाचं लॉगबुक पाहतो तेव्हा आकड्यांआधी शाई पाहतो. आठ तासांची शाई एकाच दाबाची, एकाच तिरक्या ओळीत असेल, तर मी पान बंद करतो आणि त्या मुलाला सोबत घेऊन राऊंडला निघतो.

वीजबिलाशी तुमचा काय संबंध? ते तर अकाउंट्स भरतं.

भरतं ते, वाढवतो आम्ही. राज्यात २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर निघतं, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली खरी कामाला किती लागते, ते प्रमाण) घसरला की युनिटच जास्त मोजले जातात. शिवाय मागणी आकार असतो, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली त्याचे पैसे. तो ठरवताना मागच्या अकरा महिन्यांतली सर्वोच्च मागणीही हिशेबात धरतात. म्हणजे एका दुपारची चूक वर्षभर मागे लागू शकते.

अशी एक दुपार मी पाहिली आहे. शटडाऊननंतर इमारत तापलेली, वरून फोनावर फोन, आणि शिफ्टमधल्या मुलाने घाईने तिन्ही चिलर एकदम चालू केले. दोनावर भागलं असतं, फक्त पाऊण तास जास्त लागला असता. फोन करणाऱ्यांना तो पाऊण तास कुणी समजावून सांगायचा, खरा प्रश्न हा होता.

पैसा खरा वाचतो तो पंख्यांत आणि पंपांत. वेग बदलणारं व्हीएफडी लावून पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला, की वीज जवळपास निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाने बदलते. हे मी दर वर्षी बजेटच्या बैठकीत सांगतो.

शिक्षण काय लागतं?

तंत्रज्ञ म्हणून यायचं तर आयटीआय: इलेक्ट्रिशियन, वायरमन किंवा रेफ्रिजरेशन-एसी. इंजिनिअर म्हणून डिप्लोमा किंवा बीई, इलेक्ट्रिकल नाहीतर मेकॅनिकल. माझं प्रामाणिक मत विचाराल तर आयटीआय करून, चार वर्षं पाना हातात धरून, मग डिप्लोमा केलेला माणूस सगळ्यांत उजवा निघतो. बीई झालेली पोरं हुशार असतात, पण पहिले सहा महिने पंप उलटा फिरतोय हे त्यांच्या लक्षात येत नाही.

लायसन्स काढावं का?

काढाच. राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा वीज पर्यवेक्षक परवाना. जुने लोक अजून त्याला पीडब्ल्यूडी लायसन्सच म्हणतात. तो खिशात असला की मुलाखतीत खुर्ची मिळते.

पगाराचं काय?

दोन प्रकार आहेत आणि फरक आधी समजून घ्या. इमारत ज्या कंपनीची तिच्या पटावर असाल तर बरं चालतं. पण बहुतेक जण असतात फॅसिलिटी मॅनेजमेंटच्या ठेकेदार कंपनीच्या पटावर. तिथे दर काही वर्षांनी काँट्रॅक्ट बदलतं. माणूस तोच, टेबल तेच, ड्रेसचा रंग आणि पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव बदलतं, आणि नोकरीची वर्षं पुन्हा शून्यापासून मोजायचा प्रयत्न होतो. सही करण्याआधी पीएफ, ग्रॅच्युइटी, ओव्हरटाइमचा दर आणि साप्ताहिक सुट्टी लेखी घ्या. वरच्या मजल्यावरच्या मुलाचा पगार कानावर पडतोच. तो ऐकून घ्यायचा आणि खाली यायचं.

सणाला सुट्टी मिळते का?

दिवाळीला इमारत रिकामी असते, म्हणून आमची मोठी कामं दिवाळीतच निघतात. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची चाचणी, पॅनलची साफसफाई, टाक्या धुणं. मी लक्ष्मीपूजनाला वेळेत घरी पोचलो अशी वर्षं बोटांवर मोजता येतील.

खंडेनवमी मात्र आमची. त्या दिवशी डीजीला झेंडूचा हार, पॅनलला हळदकुंकू, मेगर आणि क्लॅम्प मीटर ही मोजमापाची साधनं पाटावर. हार फिरत्या भागापासून लांब बांधायचा, हे दर वर्षी सांगावं लागतं. आमचे डीजीवाले मामा पूजेनंतर सेटला पाच मिनिटं चालवतात आणि म्हणतात, "खूष आहे."

काम धोक्याचं आहे का?

आहे. आणि विजेपेक्षा जास्त भीती मला एसटीपीच्या टाकीची वाटते.

विजेचा धोका निदान सगळ्यांना ठाऊक असतो. शटडाऊन घेतला की ब्रेकर उघडायचा, कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात, पुरवठा नाही हे तपासायचं, अर्थिंग करायचं, मगच हात. हा क्रम मोडणारा माणूस कितीही अनुभवी असला तरी मी त्याला पॅनल रूमबाहेर काढतो. अनुभवी असला तर आधी काढतो.

टाकीचं वेगळं. वरून काहीच दिसत नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास थांबतो. माणसाला वाटतं, हवा सुधारली. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही पडतो. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय कुणालाही अशा जागी उतरवायला बंदी आहे. तरी "पाच मिनिटांचं काम आहे, पटकन उतरतो" असं म्हणणारा भेटतोच. गॅस डिटेक्टर, ब्लोअर, हार्नेस आणि वर उभा राहणारा माणूस, यातलं एक जरी नसलं तर काम उद्या. वरून कितीही दबाव आला तरी उद्या.

बाकी एसटीपी नीट चालत असेल तर तिथे घाण वास येत नाही. हवा सोडतात त्या एरिएशन टाकीपाशी ओल्या मातीसारखा वास येतो. एक लिटरच्या नळकांड्यात ते पाणी अर्धा तास ठेवायचं आणि गाळ किती बसला ते पाहायचं. पाणी साफ करणारे जिवाणू खूष आहेत की नाहीत ते तिथे कळतं. सांगतो तेव्हा पाहुणे तोंड वाकडं करतात, पण मला हे मनापासून आवडतं.

पावसाळ्यात काय वेगळं?

पावसाळा आमच्याकडे मे महिन्यात सुरू होतो. गच्चीवरच्या पन्हाळी आणि जाळ्या साफ, तळघरात साचलेलं पाणी उपसणारे सम्प पंप चालवून बघायचे, त्यांच्यासाठी डीजीचा पुरवठा आहे ना ते तपासायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. विजेचं पॅनल तळघरात आणि पंप त्याच पॅनलवर, अशी रचना असली की पाणी चढलं की दोन्ही एकदम जातात. नव्या साइटवर मी पहिलं हेच बघतो.

आगीची व्यवस्था तुमच्याकडेच?

हो. आपल्याकडे २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून ती चालू असल्याचा बी फॉर्म अग्निशमन विभागाला द्यावा लागतो. फॉर्म मिळतो. पण पंप ऑटोवर आहे की मॅन्युअलवर, हे रोज बघायला माणूसच लागतो. मॉक ड्रिलला निम्मे लोक चहाला आल्यासारखे खाली येतात, तो वेगळा विषय.

मुलींनी या क्षेत्रात यावं का?

यावं. आमच्या शिफ्टमध्ये दोघी आहेत, एक बीएमएसवर आणि एक इलेक्ट्रिकलला. ती दुसरी पॅनलचं ड्रॉइंग माझ्यापेक्षा वेगाने वाचते. अडचण कामाची नाही. अडचण अशी, की तळघरात बायकांसाठी कपडे बदलायची खोली कुणी काढलेलीच नसते. मुलाखतीला जाल तेव्हा ती दाखवायला सांगा.

हॉस्पिटल किंवा डेटा सेंटरमध्ये जावं का?

नवी मुंबईच्या ऐरोली, महापे भागात डेटा सेंटर वाढलीत. तिथे सगळं दुहेरी, शिस्त कडक, शिकायला भरपूर, पण मशीन सोडून माणसं दिसत नाहीत. हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन थिएटरच्या हवेचा दाब आणि ऑक्सिजनची लाइन सांभाळताना झोप उडते. सुरुवातीला मी ऑफिस इमारतच सुचवीन. तिथे चूक झाली तर शिव्या मिळतात, त्यावर भागतं.

नाईटला झोपता येतं का?

वर लिहिलंय ना.

सगळ्यांत अवघड काय?

न घडलेलं दाखवणं. मागच्या वर्षी थर्मल कॅमेऱ्यात एक बसबारचा, म्हणजे पॅनलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्टीचा, जोड तापलेला दिसला. रविवारी शटडाऊन घेऊन बोल्ट आवळले, वॉशर बदलले. खर्च किरकोळ. तसंच ठेवलं असतं तर कदाचित एखाद्या मंगळवारी पॅनल गेलं असतं, चार मजले अंधारात गेले असते आणि मी शर्टाच्या बाह्या वर करून ते सोडवलं असतं. तेव्हा सगळ्यांना ईमेल गेला असता, टाळ्या पडल्या असत्या. त्या रविवारची नोंद लॉगबुकात दीड ओळ आहे. अप्रेझलला साहेब विचारतात, "या वर्षी विशेष काय?" मी ती दीड ओळ दाखवतो. साहेब या क्षेत्रातले असतील तर थांबून वाचतात.

पहिल्या दिवशी सोबत काय न्यावं?

सेफ्टी शूज मिळतील, पण मापाचे मिळतील असं नाही, तेव्हा स्वतःचे न्या. टॉर्च स्वतःची, मोबाइलची नको, कारण मोबाइल हातातून थेट सम्पमध्ये पडतो. छोटी वही. डबा जास्तीचा, कारण डीजीवाले मामा पहिल्याच दिवशी त्यात वाटेकरी होतील, आणि रात्री अडीच वाजता लागणारा व्हॉल्व्ह कुठे आहे ते ड्रॉइंगमध्ये नसतं, त्यांनाच माहीत असतं.